ऑप्टोमेट्रिस्ट व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कामात येऊ पाहणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि कधीकधी तपासायला आलेली माणसंही हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका काम करणाऱ्या बाईची आहेत, तेव्हा त्यात माहितीबरोबर मतंही येणारच.

तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर की चष्मेवाल्या?

दोन्ही नाही. आणि हा प्रश्न निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. वैद्यकीय पदवी घेऊन पुढे डोळ्यांचं विशेष शिक्षण घेतो आणि ऑपरेशन करतो तो नेत्रतज्ज्ञ. काच कापून फ्रेममध्ये बसवतो, फ्रेम नाकाकानावर नीट बसवून देतो तो ऑप्टिशियन. नजर तपासणं, नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, दोन डोळे एकमेकांशी जुळवून घेतात का ते बघणं, आणि आजाराची शंका आली तर वेळेत पुढे पाठवणं हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम.

अधिकार किती, हे देशागणिक बदलतं. काही ठिकाणी थेंबसुद्धा लिहून देता येत नाहीत, तर अमेरिकेतल्या काही राज्यांत ऑप्टोमेट्रिस्ट ठरावीक लेझर उपचारही करतात. ओक्लाहोमात हे १९९८ पासून चालू आहे. तुम्ही जिथे काम करणार तिथला कायदा आधी वाचा. कॉलेजच्या माहितीपत्रकात तो सोयीनुसार लिहिलेला असतो.

दिवसभर नेमकं करता काय?

बोलतो. बाहेरून बघणाऱ्याला यंत्रं दिसतात, पण तपासणीचा अर्धा निकाल पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात लागलेला असतो. "डोकं दुखतं" हे वाक्य दिवसात कितीतरी जण म्हणतात. कधी दुखतं, कपाळ की मागची बाजू, सुट्टीच्या दिवशीही दुखतं का, काम थांबवल्यावर उतरतं का, हे खोदून विचारावं लागतं. सकाळी उठल्याउठल्या दुखणारं डोकं बहुतेक वेळा चष्म्याचं नसतं.

मग माणूस दिवसभर कुठल्या अंतरावर बघतो ते. पुस्तक साधारण ४० सेंटीमीटरवर धरलं जातं, कॉम्प्युटरचा पडदा ६० ते ७० वर असतो, आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याचा स्वरलेखनाचा कागद त्याहूनही लांब स्टँडवर. तिघांचं वय पन्नास असलं आणि लांबचा नंबर एकच असला, तरी तिघांना एकच जवळचा नंबर देऊन चालत नाही. हे न विचारता काढलेला नंबर कागदावर अगदी बरोबर असतो आणि चष्मा कपाटात पडून राहतो.

त्यानंतर तक्त्यावरची अक्षरं, एक डोळा झाकून दुसऱ्याची हालचाल, बाहुल्यांवर उजेड, रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं हातातलं उपकरण), ट्रायल फ्रेममध्ये एकेक काच घालून बघणं, स्लिट लॅम्प या मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रावर डोळ्याचा पुढचा भाग, डोळ्यातला दाब, आणि शेवटी डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना. क्रम थोडाफार पुढेमागे होतो. साधी तपासणी वीस-पंचवीस मिनिटांत होते, अवघड माणूस तासभर घेतो.

नंबर तर मशीनच काढतं. मग तुमची गरज काय?

हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर सविस्तर देता येतं.

ऑटोरिफ्रॅक्टर नावाचं मशीन काही सेकंदांत आकडे छापून देतं. सुरुवात करायला ते उत्तमच. पण यंत्रात डोकावताना डोळ्याला वाटतं की आपण जवळचं काहीतरी बघतोय, आणि तो आतल्या आत जोर लावतो. लहान मुलांत हा जोर इतका असतो की नसलेला वजा नंबर (लांबचं धूसर दिसणाऱ्याचा) कागदावर येतो. मोतीबिंदू दाट असेल किंवा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, वेडावाकडा असेल तर मशीन सरळ हात वर करतं.

तिथे रेटिनोस्कोप कामाला येतो. खोलीत अंधार करायचा, समोरच्याला लांब बघायला सांगायचं आणि हाताच्या अंतरावरून बाहुलीवर उजेडाची उभी पट्टी फिरवायची. आत गेलेला उजेड पडद्यावरून परत येतो आणि बाहुलीत नारिंगी-लाल झळाळी दिसते. आपण पट्टी उजवीकडे नेली आणि झळाळीही उजवीकडे सरकली तर अधिकची काच लावायची, उलट सरकली तर वजाची. काचा बदलत जायचं. एका क्षणी ही सरकासरकी थांबते आणि पूर्ण बाहुली एकदम उजळते. ६६ सेंटीमीटरवरून बघत असाल तर आलेल्या आकड्यातून दीड वजा करायचा. समोरच्यानं एक शब्दही न बोलता नंबर निघाला. तान्ह्या बाळाचा निघतो, बोलता न येणाऱ्याचा निघतो, आपली भाषा न कळणाऱ्याचाही निघतो. कॉर्निया टोकदार होत चालला असेल तर तीच झळाळी कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करते, आणि मग नंबर बाजूला ठेवून दुसरीच चौकशी सुरू होते.

पण खरी मेख पुढे आहे. समजा, साठीच्या एका गृहस्थांनी आयुष्यभर साधा चष्मा वापरला आणि आज मशीन म्हणतंय की दोनचा सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा नंबर) आहे, तोही तिरक्या ॲक्सिसवर, म्हणजे तिरक्या दिशेत. आकडा शंभर टक्के बरोबर असू शकतो. तो पूर्ण दिला तर जमीन कलती दिसते, पायऱ्या उतरताना तोल जातो आणि माणूस भिंत धरून चालतो. त्यांना किती द्यायचा, किती राखून ठेवायचा, ॲक्सिस थोडी वळवायची का, हे त्यांच्या वयावर, जुन्या चष्म्यावर, चालण्याबोलण्यावर ठरतं. अचूक नंबर आणि घालता येणारा नंबर यांत फरक असतो. पगार मिळतो तो या फरकासाठी.

"ही काच चांगली की ही?" हे विचारून कंटाळा येत नाही?

येतो. दुपारी तीन वाजता तर हमखास.

त्यावर माझा एक उपाय आहे: आकड्याकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघायचं. बहुतेकांना ही परीक्षाच वाटते. चूक उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा मिळेल या धास्तीनं ते अंग आखडून बसतात, श्वास रोखतात, कधी मान पुढे काढून तक्त्याच्या जवळ जाऊ बघतात. दोन्ही काचा सारख्याच वाटल्या तर ओशाळून "सॉरी" म्हणतात. वास्तविक सारख्या वाटणं हीच आमची मंजिल असते. क्रॉस सिलिंडर, म्हणजे ॲक्सिस तपासायची उलटसुलट करता येणारी काच, फिरवताना दोन्ही बाजू सारख्याच पुसट दिसू लागल्या म्हणजे ॲक्सिस सापडली. हे आधीच सांगितलं की खांदे खाली येतात आणि उत्तरं पटापट यायला लागतात. लाल-हिरव्या पट्टीचंही तसंच: लाल भागातली अक्षरं ठळक दिसली तर अजून थोडा वजा लागतो, हिरव्यातली दिसली तर वजा जास्त झाला.

६/६ दिसतं म्हणजे डोळे ठणठणीत ना?

नाही. डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा हा तक्ता प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी मोजली ती अक्षर ओळखण्याची क्षमता. ६ मीटरवरून वाचायच्या ६/६ ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि ते वाचायला पडद्याचा मधला इवलासा भाग पुरतो. काचबिंदू बहुतेकदा कडेची नजर आधी खातो. असा माणूस शेवटची ओळ झरझर वाचून दाखवतो आणि निघताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो.

चष्म्यासाठी आलेल्या माणसात मोठे आजार खरंच सापडतात?

सापडतात, आणि गाजावाजा न करता सापडतात. काही नेहमीचे प्रसंग सांगते.

एखाद्या सत्तरीच्या बाई आनंदात सांगतात, "आता मला वाचायला चष्माच लागत नाही, नजर सुधारली." घरचे कौतुक करत असतात. बहुतेक वेळा डोळ्यातलं भिंग पिकत चाललेलं असतं. मधला गाभा घट्ट झाला की वजा नंबर येतो आणि जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं. मोतीबिंदूची ही सुरुवात. हिरमोड न करता हे सांगणं ही एक कलाच आहे.

कुणाचा नंबर दोन महिन्यांत एकदम वजाकडे सरकतो आणि विचारल्यावर तहान, थकवा, रात्री उठणं हे सगळं बाहेर येतं. तिथे चष्मा न देता आधी रक्तातली साखर तपासायला पाठवायचं. उपचार सुरू झाल्यावर नंबर पुन्हा उलटा सरकतो आणि स्थिर व्हायला काही आठवडे घेतो. मधल्या काळात बनवलेला चष्मा वाया.

डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके वाढले, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी वाटतेय, एका बाजूनं सावली येतेय, असं कुणी सांगितलं तर बाकीची रांग थांबवते. पडदा फाटत असेल तर तासांचाही हिशेब असतो. एक पापणी अचानक खाली आली, दोन दोन दिसू लागलं आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल तर तो माणूस त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जायला हवा. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाब देत असू शकतो. पन्नाशीपुढच्या माणसाला नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं आणि नजर धूसर होणं हे एकत्र आलं तरी तसंच. आणि बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसते म्हणून कुणी आई तो फोटो दाखवायला आली, तर तिला वेड्यात काढू नका. क्वचित का होईना, त्यामागे पडद्याचा कर्करोग असतो.

अशा वेळी आजाराचं नाव घेऊन घाबरवायचं नाही, आणि "काही विशेष नाही" म्हणून गप्पही बसायचं नाही. काय दिसलं, कुठे जायचं आणि किती लवकर जायचं, एवढं स्पष्ट सांगायचं. मी चिठ्ठीवर "आजच" हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढते.

लहान मुलांना तपासणं अवघड असतं का?

मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. मला तरी ते जास्त आवडतं.

एका डोळ्यानं उत्तम दिसणारं मूल कधीच तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. दुसऱ्या डोळ्याचा नंबर मोठा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा आळशी होतो. हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. कमजोर डोळ्यावर हात धरला तर मूल खेळत राहतं. चांगल्या डोळ्यावर धरला की हात ढकलतं, मान वळवतं, रडायला लागतं. तक्त्याची गरजच नाही. हा दोष लहान वयात चष्मा आणि पट्टीनं पुष्कळ भरून येतो. उशीर होईल तसं अवघड होत जातं.

मग आठ-दहा वर्षांची मुलं येतात, ज्यांना "काहीच दिसत नाही". कधी मैत्रिणीला छान चष्मा मिळालेला असतो, कधी शाळेत किंवा घरात काही बिनसलेलं असतं. अधिक दोनची काच घालायची, मूल म्हणतं दिसत नाही, मग त्यावर वजा दोनची घालून विचारायचं, "आता ही खास काच लावली, बघ बरं." दोन्ही मिळून शून्य. मूल शेवटची ओळ वाचून दाखवतं. हसू आवरायचं आणि आईवडिलांना बाहेर नेऊन हळूच विचारायचं की घरी सगळं ठीक आहे ना. मूल खोटारडं आहे असं त्याच्यासमोर म्हणायचं नाही. एवढी एक गोष्ट मी शिकाऊ मुलामुलींना पहिल्याच दिवशी बजावते.

थेंब घालून, डोळ्याचा जोर काढून टाकून तपासल्याशिवाय लहान मुलाचा नंबर ठरवू नये. पालक कुरकुरतात, थेंब झोंबतात, दुसऱ्या दिवशीपर्यंत धूसर दिसू शकतं. तरीही.

मुलांचा वजा नंबर वाढतच जातो. त्यावर करण्यासारखं काही आहे?

आहे, आणि या क्षेत्रातला सध्याचा सर्वात जिवंत भाग हाच आहे. वजा नंबरात डोळा लांबीला वाढतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच ते तीन नंबर चढतो. पूर्वी दर वर्षी जाड काच देऊन विषय संपायचा. आता कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब, खास बनावटीच्या काचा आणि कॉन्टॅक्ट लेन्स, रात्री घालून झोपायच्या ऑर्थो-के लेन्स असे पर्याय आहेत. वाढ थांबत नाही, मंदावते. रोज दोनेक तास उघड्यावर घालवल्यानं नंबर लागायचाच उशिरा लागतो, याला चांगला पुरावा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातली जवळपास निम्मी माणसं वजा नंबरवाली असतील. म्हणजे कामाला तोटा नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे हौशीचं काम ना?

काहींसाठी हौस. ज्यांचा कॉर्निया टोकदार झालाय त्यांच्यासाठी गरज, कारण चष्म्यानं त्यांची नजर पुरेशी सुधारतच नाही. त्यांना कडक किंवा मोठी स्क्लेरल लेन्स बसवतात. स्क्लेरल लेन्समध्ये सलाइन भरून ती डोळ्यावर ठेवतात; वेड्यावाकड्या पृष्ठभागावर द्रवाची गुळगुळीत तबकडी तयार होते. बसवायला वेळ लागतो, बुडबुडा राहिला तर पुन्हा काढा, पुन्हा भरा. पण पहिल्यांदा नीट बसली की माणूस आधी तक्त्याकडे बघतच नाही. स्वतःच्या हाताच्या रेषा बघतो.

मऊ लेन्सचा इतिहासही गमतीचा. ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञानं १९६१ च्या नाताळात, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरीच यंत्र केलं आणि त्यावर लेन्स ओतल्या.

आमच्याकडचा कंटाळवाणा भाग म्हणजे स्वच्छतेचं भाषण. लेन्सला नळाचं पाणी लावू नका, घालून पोहू नका, झोपू नका. पाण्यातला अकँथामीबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर महिनोन् महिने उपचार चालतात आणि वेदना भयंकर असतात. हे भाषण प्रत्येकाला, प्रत्येक वेळी द्यायचं.

ज्यांची नजर परत येणारच नाही, त्यांच्यासाठी काय करता?

लो व्हिजन ही शाखा त्यासाठीच आहे. फार कमी जण तिकडे जातात, कारण वेळ खूप लागतो आणि पैसा त्या मानानं कमी.

तिथे पहिला प्रश्न "किती दिसतं?" हा नसतो. "काय करायचंय?" हा असतो. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायचंय, सहीच्या जागी सही करायचीय, नातवाचा चेहरा ओळखायचाय. प्रत्येकाला वेगळं साधन लागतं: हातातलं भिंग, उजेड असलेलं स्टँडवरचं भिंग, छोटी दुर्बीण, अक्षरं मोठी करून दाखवणारा पडदा. कधी नुसता टेबलावरचा दिवा पुढे ओढायचा, पांढऱ्या कपात काळा चहा नि काळ्या कपात दूध ओतायचं, एवढ्यानंही दिवस सोपा होतो. भिंग दिलं आणि काम झालं असं होत नाही. किती अंतरावर धरायचं, ओळ कशी सरकवायची, हे पुन्हा पुन्हा सरावानं शिकवावं लागतं.

शिक्षण किती वर्षांचं? गणित कच्चं असेल तर?

देशागणिक वेगळं. काही देशांत शाळेनंतर तीन-चार वर्षांची पदवी आणि प्रत्यक्ष कामाचा काळ. अमेरिकेत आधी पदवीचं शिक्षण आणि मग चार वर्षांचा डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री. त्यानंतर नोंदणी.

गणित शाळेइतकंच लागतं, पण प्रकाशशास्त्र डोक्यात बसायला हवं. सूत्रं पाठ करून परीक्षा सुटते. काच डोळ्यापासून दोन मिलिमीटर पुढे गेली तर मोठ्या नंबराचं काय होतं, हे मनात चित्र उभं राहिलं तरच जमतं. शरीररचना आणि औषधशास्त्र हे पुष्कळांना अनपेक्षितपणे जड जातं.

मलाच मोठा नंबर आहे. चालेल?

आमच्यातल्या कितीतरी जणांना आहे. चष्मा न घातलेल्यापेक्षा तुम्हाला समोरच्याचं दुखणं लवकर कळेल. रंगांधळेपणा असेल तर प्रवेशाचे नियम आधी बघा. अडचण येते ती पडद्यावरचे बारीक लाल ठिपके ओळखताना, पण हिरव्या फिल्टरखाली ते काळे दिसतात आणि बरेच जण त्यावर काम भागवतात.

पैसे मिळतात का?

पोट भरतं, सुरुवातीला चैन होत नाही. नोकरीत पगार हळूहळू चढतो आणि काही वर्षांनी एका पायरीवर थांबतो. त्यापुढे जायचं तर तीन वाटा दिसतात: एखाद्या विषयात हात बसवणं, स्वतःचं थाटणं, किंवा लेन्स आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत जाणं. शिकवणं आणि संशोधन ही चौथी वाट, पण ती पैशासाठी कुणी धरत नाही.

स्वतःचं थाटताना लोकांना यंत्रांचा खर्च दिसतो. फ्रेमच्या साठ्यात अडकणारा पैसा दिसत नाही. भिंतीवर लावलेल्या फ्रेमपैकी बऱ्याचशा वर्षभर तिथेच असतात आणि फॅशन पुढे जाते. म्हणून आधी काही वर्षं दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसून शिका, असा माझा सल्ला.

दुकानात नोकरी केली तर विक्रीचा दबाव असतो म्हणतात?

असतो. तपासलेल्यांपैकी किती जणांनी चष्मा घेतला याचा हिशेब महिन्याअखेरीस होतो. पाव नंबर बदललाय, जुन्या चष्म्यानं छान दिसतंय, अशा माणसाला नवा चष्मा द्यायचा की "अजून वर्षभर हाच वापरा" म्हणायचं, हा प्रश्न रोज येतो. माझ्या मते "तुम्हाला नवीन काही नको" हे न घाबरता म्हणता येणं ही या धंद्यातली सर्वात मोठी चैन आहे. असं सांगितलेला माणूस पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन येतो, हा व्यवहारही त्यात आहे. मुलाखतीला जाल तेव्हा लाजू नका. विक्रीचं उद्दिष्ट आहे का, आणि तपासणीला माणशी किती मिनिटं मिळतात, हे दोन प्रश्न विचाराच. माणशी दहा मिनिटं असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

नवा चष्मा घालून माणूस म्हणाला "दिसत नाही", तर?

आधी भांडायचं नाही. मग आधी काच तपासायची, नंबर नंतर. लेन्सोमीटर म्हणजे तयार काचेचा नंबर मोजणारं यंत्र, त्यावर काच लावा: ऑर्डरप्रमाणेच आलीय का? दोन बाहुल्यांमधलं अंतर जुळतंय का? प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) असेल तर उंची चुकलीय का? फ्रेम नाकावरून घसरून सगळंच खाली गेलंय का? पुष्कळदा फ्रेमची दांडी किंचित वाकवली की तक्रार मिटते आणि माणूस अविश्वासानं बघत राहतो. हे सगळं बरोबर असेल तरच पुन्हा नंबर. आणि तेही बरोबर असेल तर दोन आठवडे मागून घ्यायचे, कारण मेंदूला नव्या काचेची सवय व्हायला वेळ लागतो.

काम शारीरिकदृष्ट्या हलकं आहे?

दिसतं तेवढं नाही. मान आणि कंबर धरते. ट्रायल फ्रेमवर वाकणं, स्लिट लॅम्पसमोर हनुवटी पुढे काढून बसणं, अंधारात तास न् तास काढणं. खुर्ची समोरच्याची वरखाली होते, आपलीही व्हायला हवी. यावर पहिल्या दिवसापासून हट्ट धरा. लोक तोंडाशी तोंड असतात, तेव्हा सर्दी-खोकलाही वाट्याला येतो, आणि डोळे येण्याच्या साथीत हात धुऊन धुऊन सालपटं निघतात.

एआय हे काम घेऊन जाईल का?

काही भाग घेईल, घेतोच आहे. मधुमेहामुळे पडद्यावर झालेला बिघाड डॉक्टरच्या मदतीशिवाय ओळखणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये मान्यता मिळाली. फोटो वाचणं, नंबराचा पहिला अंदाज काढणं, यात यंत्र आपल्याला मागे टाकेल आणि टाकू द्यावं. फक्त आकडे काढून देणारा ऑप्टोमेट्रिस्ट मात्र अडचणीत येईल, यात शंका नाही.

दुसरी बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार किमान १०० कोटी माणसांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय झालेला नाही, आणि त्यातल्या ८२ कोटी ६० लाखांना फक्त चाळिशीचा, म्हणजे जवळचा चष्मा हवाय. यंत्रं वाढली तरी ती लावायला, आणि आलेला आकडा त्या त्या माणसाला पचेल असा करायला कुणीतरी लागेल.

मग यात समाधान कशाचं?

फळ तिथल्या तिथे दिसतं, याचं. गोळी दिली तर आठवडाभर वाट बघावी लागते. इथे ट्रायल फ्रेममध्ये शेवटची काच पडते आणि समोरचा माणूस बोलायचा थांबतो. वजा चारच्या मुलीला पहिल्यांदा खिडकीशी नेलं की ती झाडाकडे बघते आणि म्हणते, "पानं वेगवेगळी आहेत!" मी हे असंख्य वेळा ऐकलंय, वेगवेगळ्या मुलांकडून, जवळपास त्याच शब्दांत.

पण रोज हे होत नाही. बहुतेक दिवस पाव-अर्ध्या नंबराचे असतात आणि "धन्यवाद"ही कुणी म्हणत नाही. चष्मा चांगला झाला की लोक तो विसरून जातात. आपलं काम विसरलं जाणं, हीच त्याची पावती.

कुणी या वाटेला जाऊ नये?

ज्याला ऑपरेशन करायचंय आणि हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय वाटतोय, त्यानं. कडवटपणा आयुष्यभर पुरतो. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याजवळ जाऊन शांतपणे बोलणं ज्याला जमत नाही, त्यानं. आणि एकच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर ज्याचा आवाज चढतो, त्यानंही. बाकी हुशारी बेताची असली तरी चालते.

प्रवेश घेण्याआधी काय करून बघू?

ओळख काढून एखाद्या चष्म्याच्या दुकानात दोन दिवस आणि डोळ्यांच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन दिवस नुसते मागे उभे राहा. दोन्ही बघा, एकावरून मत बनवू नका. सकाळी सगळेच हसतमुख असतात, तेव्हा दुपारनंतर जा. तपासणाऱ्यानं परवानगी दिली आणि रुग्णाची हरकत नसली तर रेटिनोस्कोपमधून एकदा बघून घ्या. पहिल्यांदा काहीच कळणार नाही. पुन्हा बघावंसं वाटलं तर अर्ज भरा.